भिंतीवरच्या सिलोनच्या पाट्या

नीलव्वा,

लोक येतात, ओट्यावर बसतात, चहा पितात आणि सगळे एकच बोलतात. बाई नशिबाची म्हणून अहेव गेली. कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा, नवऱ्याच्या मांडीवर डोकं. मांडीवर नव्हतं. मी तेव्हा दवाखान्याच्या फाटकाबाहेर तुझ्यासाठी चहा आणायला गेलो होतो आणि साखर कमी घातली म्हणून चहावाल्याशी भांडत होतो. पण लोकांना तसं म्हणायला बरं वाटतं, म्हणून मी गप्प बसतो. मी गप्प बसतो हे वाचून तुला हसू येईल.

बाईचा नवरा गेला की तिचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात. चार लोकांना लांबून कळतं की हिचं काहीतरी गेलं. माझं काय पुसणार? टोपी तीच, पत्रा कापायची कातर तीच, दुकान तेच. काल एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "मामा, काकूंना सांगा, बादलीचा कान लई झ्याक बसला." मी म्हटलं, "सांगतो की." म्हणून सांगतोय. बादलीचा कान झ्याक बसला.

जन्मभर तुला नावानं हाक मारली नाही. "अगं ए" आणि "ऐकलं का" यावर संसार झाला. आता नाव लिहिलं तर हात अडखळला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, आणि त्यातलीही चौथी अर्धीच. चुकलं तर चालवून घे.

आपला बसू परवा म्हणाला, "दादा, ही गाड्यांच्या पाट्यांची भिंत मोकळी करू. चुना मारू, घर जरा उजळंल." मी त्याला म्हटलं, हात लावून बघ. पोरगं उठून कामाला गेलं. पण मग मीच तुझ्या भिंतीसमोर बसून राहिलो. त्यातल्या एका पाटीवरनं आपलं भांडण मिटलेलं नाही. तू अर्ध्यात टाकून गेलीस. ते मला एकदा पहिल्यापासून लावून बघायचं आहे, म्हणून तुला ठाऊक असलेलंच परत सांगतो.

तुझे अप्पा अक्कलकोटच्या एका व्यापाऱ्याची मोटार हाकायचे. तू परकरात होतीस तेव्हा ते मद्रासला गेले आणि तिथनं बोटीनं सिलोनला. तिकडं चहाच्या मळ्यांवर लॉऱ्या हाकायला माणसं लागतात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून. पुढं त्यांच्याबरोबर गेलेला एकजण परत आला. त्यानं एक फोटो आणला आणि एक निरोप आणला. फोटोत अप्पा लॉरीच्या तोंडाशी उभे आहेत, फेटा बांधलेला, एक हात बॉनेटवर, जसा काही बैल आपलाच. लॉरीचा नंबर स्वच्छ दिसतो. एक इंग्रजी अक्षर आणि पुढं आकडे. पाटीच्या खाली मधोमध लिंबू-मिरची लोंबतेय. तिचा दोरा ओवायला अप्पांनी पाटीलाच दोन भोकं पाडली होती. तो माणूस म्हणाला, तिकडचे ड्रायव्हर हसायचे, पण अप्पांनी लिंबू-मिरची सोडली नाही.

निरोप असा होता: "ही गाडी पळती तवर मी हाय म्हनून सांग घरी."

ड्रायव्हर माणूस, निघता निघता गमतीत बोलला असेल. पण अव्वानं, तुझ्या आईनं, ते बोलणं पदराला गाठ मारून ठेवलं. त्यानंतर फोटो नाही, निरोप नाही. पत्रं टाकली ती कुठं गेली कळलं नाही. भावकीतल्या बायका अव्वाला म्हणायच्या, "इतकी वर्सं झाली, आता पुसून टाक की कुंकू. लोकं नावं ठेवत्यात." अव्वा म्हणायची, "गाडी मोडल्याची खबर आना. मग पुसते."

एवढंच. त्या एका लॉरीवर एका बाईचं कुंकू टांगलेलं होतं, त्या लिंबू-मिरचीसारखं.

अव्वाला मुलगा नव्हता, म्हणून ती आपल्याकडं राहायला आली. मला तेव्हा ते आवडलं नव्हतं, आणि मी तसं बोललोही होतो. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं दुकान, दिवसभर ठोकाठोक, त्यात म्हातारी. पण म्हातारी माझ्यासारखीच निघाली, तोंडाची फटकळ. आमचं जमलं. सकाळी उठून ती कुंकू लावायची ते एवढं मोठं, की ओट्यावरनं जाणाऱ्याला रस्त्यातनं दिसावं.

पाट्यांची सुरुवात इस्माईलनं केली. तो मद्रासच्या रस्त्याला ट्रक हाकतो. नाक्यावर गाडी लावून तुझी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्यायचा. एकदा तू त्याच्यापुढं फोटो धरलास. "इस्माईलभाई, हा नंबर कुटं दिसला तर ध्यान ठेवा."

तो म्हणाला, "आक्का, सिलोन समंदर के उस पार है. ट्रक लेको कैसा जाऊं?"

"मग तितनं हिकडं काय येतंय का?"

"भंगार आता. टूटे मोटरां का पत्रा आता बोटी में."

"मग तेच आना."

मी आतनं ओरडलो, "दुकानात भंगार कमी हाय व्हय?" तुम्ही दोघांनी माझ्याकडं बघितलंही नाही. पुढच्या खेपेला तो मद्रासच्या भंगार बाजारातनं पहिली पाटी घेऊन आला. काळी, पांढऱ्या आकड्यांची, एक कोपरा दुमडलेला. तू ती फोटोशेजारी धरलीस, एकेक आकडा बोटानं जुळवलास आणि म्हणालीस, "न्हाय. ही न्हाय."

तुला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. बाकीचं तू डोळ्यानं आणि बोटानं शिकलीस. सगळ्यात जुन्या पाट्यांवर एकच अक्षर, अप्पांच्या गाडीसारखं. त्यानंतरच्यांवर दोन. पोस्टमननं सांगितलं, ही दोन अक्षरं त्या बेटाच्या नावातनंच उचललेली दिसतात. मग नव्या पाट्या यायला लागल्या. दोन्हीकडं आकडे आणि मधोमध एक वेटोळं. तू म्हणालीस, हे कन्नड. शेजारचा नरसय्या हातमागावरनं उठून आला आणि म्हणाला, "काकू, हे आमचं तेलुगू." तुमचं अर्धा तास चाललं होतं. दोघांनाही वाचता मात्र येईना. शेवटी इस्माईल म्हणाला, दोन्ही नाही, हे तिकडच्या लोकांचं स्वतःचं अक्षर आहे आणि त्याला श्री म्हणतात. तू लगेच उठलीस आणि त्या पाटीला हळदकुंकू लावलंस. नरसय्यानंही हात जोडले.

आणि ते चाटणं! माझ्याकडनंच तू ऐकलं होतंस की समुद्राकाठचा पत्रा मीठ खातो, त्याला फोड आल्यासारखा गंज चढतो, आपल्याकडच्यासारखा सपाट नाही. मग कुणी पाटी आणली की तू आधी तिला जीभ लावायचीस. खारट लागली तर सिलोनची, नाहीतर परत. नाक्यावरचे ड्रायव्हर ट्रकमधनं उतरून बघायला यायचे. एकदा इस्माईलनं मुद्दाम मद्रासचीच एक जुनी पाटी आकडे खरवडून आणली. तू चाटलीस, "हाय, सिलोनचीच हाय" म्हणालीस, आणि तो पोट धरून हसला. "आक्का, मद्रास में बी समंदर हाय ना!" तू त्याला पुढच्या दोन-तीन खेपा चटणी दिली नाहीस. कोरडी भाकरी बांधून द्यायचीस. तरी ती पाटी तू टाकली नाहीस. भिंतीवर सगळ्यात खाली, उलटी लावलीस. शिक्षा म्हणून.

मी तुला वेडी म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. पण खंडेनवमीला माझ्या कातरी-हातोड्यांची पूजा व्हायची तेव्हा तुझ्या पाट्यांनाही झेंडूची माळ यायची, आणि खरं सांगतो, भिंत बघून छाती भरून यायची. सोलापुरात एवढ्या सिलोनच्या पाट्या दुसऱ्या कुणाच्या घरात असतील असं मला वाटत नाही. कुणाला कशाला पाहिजेत म्हणा.

एका दिवाळीला तू घोटाळा केलास. घरातली सगळी भांडी घासलीस आणि पाट्या राहिल्या म्हणून तुला करमेना. मी तेलाच्या जुन्या डब्यांचा रंग काढायला चुना आणि धुण्याचा सोडा कालवतो, ते घमेलं परसात होतं. तू दोन पाट्या त्यात बुडवल्यास. तासाभरात रंग सुटून पाण्यावर तरंगायला लागला आणि तू रडत मला हाका मारायला लागलीस. मी आलो ते शिव्या देतच आलो. पाट्या बाहेर काढल्या, पाणी मारलं, आणि दोघंही वाकून बघायला लागलो. एका पाटीवर रंगाखाली दुसराच नंबर होता. ठोकून सपाट केलेला, पण पत्र्यानं धरून ठेवलेला.

मी तुला तेव्हा समजावलं होतं. पत्र्यावर ठशानं उठवलेला आकडा हातोडीनं कितीही बसवला तरी जात नाही. पाठीमागनं बोट फिरवलं तर लागतो. आणि गाडी मोडल्याशिवाय कुणी तिची पाटी दुसऱ्या कामाला काढत नाही. मी आपलं माझ्या धंद्याचं सांगत होतो. तू फक्त शेवटचं ऐकलंस. पाटी दुसऱ्या कामाला गेली म्हणजे गाडी मोडली.

तेव्हापासून मला एक गोष्ट दिसायला लागली. पाटी आली, तू फोटोशी जुळवलीस आणि "न्हाय" म्हणालीस, की तुझा चेहरा उतरायच्या ऐवजी खुलायचा. आत जाऊन अव्वाला सांगायचीस, "अव्वा, ही बी न्हाय बघ." आणि अव्वा कपाळाला हात लावून कुंकू आहे का चाचपायची. मला कळायला लई वेळ लागला. माणूस हरवलेली वस्तू सापडावी म्हणून शोधतो. तू सापडू नये म्हणून शोधत होतीस. भंगारात आलेली प्रत्येक परकी पाटी म्हणजे अप्पांची गाडी अजून तिकडं पळतेय. ही सगळी भिंत तू 'न्हाय'नं भरलीस.

मी हे एकदा बोलून दाखवलं आणि वर माझंही जोडलं. "आगं, अप्पांनी तिकडं दुसरं घर केलं आसंल. मजेत आसतील." तू पोळपाटावरचं पीठ तसंच ठेवून उठलीस. कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाहीस. अव्वा मात्र बोलली. म्हणाली, "केलं आसंल तर केलं आसंल, जावई. जित्ता तर हाय."

मग ती ट्रंक आली.

सिलोनातनं आपली माणसं परत पाठवायला लागले होते, त्यातलं एक तेलुगू कुटुंब नरसय्याच्या नात्यातलं निघालं. त्यांनी ट्रंक दुरुस्तीला आणली. बूड गेलेलं. मी बूड काढायला बसलो तर आतल्या बाजूला एक ठिगळ, वरनं काळा रंग दिलेला. ठिगळ सोडवलं आणि ते पाटीच्या मापाचं निघालं. खालच्या कडेला मधोमध दोन भोकं. खिळ्याची नाहीत. दोरा ओवायला पाडावीत तशी, जवळजवळ, आणि कडा घासून गुळगुळीत झालेल्या.

मी तुला हाक मारली. तू हात पुसत आलीस, भोकांवरनं बोट फिरवलंस आणि पाटी पदराखाली घेतलीस. मी म्हटलं, "थांब की. चुना-सोडा लावू, नंबर वर येतोय."

"नको."

"आगं, ठसा हाय खाली. माझ्या बोटाला लागला."

"भोकं काय, कुनीबी पाडतंय."

"मग घासून बघू की. न्हाय निघाली तर न्हाय."

"ही बी न्हाय," तू म्हणालीस. न बघता. पहिल्यांदाच फोटो न काढता, आकडे न जुळवता. आणि भिंतीवर खालच्या रांगेत, त्या उलट्या मद्रासवालीच्या शेजारी लावून टाकलीस. अव्वा आतनं विचारत होती, "काय आलं गं?" तू म्हणालीस, "ट्रंक आली, अव्वा. बूड गेलंय."

त्यानंतर आपलं ते भांडण सुरू झालं. मी ठोकणारा माणूस, मला लपून राहिलेली वस्तू सहन होत नाही. दर दिवाळीला मी चुना कालवायचो आणि म्हणायचो, आण ती पाटी. तू म्हणायचीस, राहू द्या की. मी म्हणायचो, तू भित्री आहेस. तू म्हणायचीस, व्हय, हाय भित्री. इस्माईलनंही एकदा विचारलं, त्यालाही तू "न्हाय" म्हणून सांगितलंस. पुढं कुणीतरी खबर आणली की सिलोनचं नावच बदललं. तू घाबरून मला विचारलंस, "मग जुन्या गाड्यांचे नंबर बी काढून टाकत्यात का ओ?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. तुला धीर द्यायला जमलं असतं. सुचलं नाही.

अव्वा गेली तेव्हाचं मला विसरता येत नाही. मातीला न्यायच्या आधी, आपल्या रीतीप्रमाणं तिला न्हाऊ घालून बसवलं होतं. अक्कलकोटची तुझी चुलती आली, मोठी मानाची बाई, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "नीलव्वा, हिचे मालक हायत का न्हाईत ते सांग आता. हिला कुंकू लावायचं का न्हाय? देवाच्या दारात खोटं न्यायचं न्हाय." मी दारात उभा होतो. मला वाटलं तू भिंतीकडं बघशील. तू बघितलं नाहीस. करंडा उचललास, अव्वाच्या कपाळाला तिच्या रोजच्या मापाचं कुंकू लावलंस, चुडा चढवलास आणि म्हणालीस, "हायत. गाडी पळती तवर हायत."

चुलतीनं पुढं होऊन ओटी भरली. अव्वा तिच्या मनासारखी गेली.

दिवस झाल्यावर मी परत तोंड उघडलं. म्हटलं, आता अव्वा नाही, आता कुणाचं काय जातंय? आता तरी बघू दे. मोकळी हो. तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "तुमाला एवढी घाई कशाची? मी गेल्यावर बघा." मी चिडून म्हटलं, "तू कशाला जातीस माझ्या आदी?" झालं. तो विषय तिथंच राहिला.

दवाखान्यात एका दुपारी तू डोळे उघडून म्हणालीस, "अवो, ती खालची पाटी..." मी वाकलो. तू माझ्याकडं बघत राहिलीस, मग म्हणालीस, "पानी द्या." मी पाणी दिलं. पाटीचं राहिलं. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं, उद्या विचारू.

तर तू म्हणाली होतीस, मी गेल्यावर बघा. मी बघितलं.

बसूच्या बोलण्यानंतर मी परसात घमेलं काढलं, चुना भिजवला, सोडा घातला. पाटी उतरवली. तुझ्या दर नवमीच्या हळदकुंकवाची पुटं होती तिच्यावर. ओल्या फडक्यानं ती पुसायला लागलो तर उजव्या कडेचा काळा रंग फडक्याला आला. बाकीचा रंग तसाच, घट्ट. फक्त तेवढाच पट्टा फडक्याला येत होता. मी बोटाला लावून बघितला, वास घेतला. रंग नव्हता. काजळी. दिव्यावर धरून खोबरेल तेलात कालवलेली, तू बसूच्या पोरांना घालायचीस तसली.

त्याच्या खाली पत्रा उघडा होता. शेवटच्या दोन आकड्यांएवढी जागा चुना-सोड्यानं खाल्लेली, आणि कडा सरळ, रेघ मारल्यासारखी. मेणाचा बांध घालून काढलेली. अर्ध्या डब्याचा रंग काढायचा असला की सोडा पुढं पसरू नये म्हणून मी असाच मेणाचा बांध घालतो. ही रीत मी तुला कधी शिकवली नाही. तू भाकरी थापता थापता बघून उचललीस.

आणि उघड्या जागेवर गंज होता. गंजाचं वय मला कळतं, नीलव्वा, दुसरं काही कळलं नाही तरी. तो आत्ताचा नव्हता. अव्वा गेल्यानंतरचाही नव्हता. ट्रंक आली त्याच दिवसांतला होता.

म्हणजे मी दर दिवाळीला चुना कालवून तुला भित्री म्हणत होतो, तेव्हा तू बघून बसलेली होतीस. चुलतीनं सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तू बघून बसलेली होतीस. आणि एकटीच. माझ्याजवळ सांगायचीही सोय नव्हती, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे नाक्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. मी ओट्यावर बसून दुसऱ्याच दिवशी बोललो असतो. अव्वाच्या कानावर पडलं असतं. मी नाही म्हणत नाही.

पण मला राग आला आहे. तुझ्यावरच आला आहे. अव्वा गेल्यावर तरी सांगायचंस. एवढं वझं एका बाईनं घरात वागवायचं आणि शेजारी नवरा ठोकत बसलेला, त्याला पत्ता नाही. मी हलकं केलं असतं. कसं केलं असतं ते मला ठाऊक नाही. शेजारी बसलो असतो, एवढं तर जमलं असतं. मग वाटतं, तू सांगायला निघाली होतीस. "ती खालची पाटी" इथपर्यंत आली होतीस. माझ्याकडं बघितलंस आणि माझ्या तोंडाकडं बघून पाणी मागितलंस. अव्वाच्या कपाळावर मातीतही कुंकू राहावं म्हणून.

मी पट्टा पुसून फोटो खाली घेतला. ते दोन आकडे फोटोशी जुळवून बघितले, तू जुळवायचीस तसेच, बोटानं.

काय दिसलं ते मी इथं लिहीत नाही.

तू समजून घे. जन्मात पहिल्यांदा जमतंय ते जमू दे.

घमेल्यातला चुना मी परसात ओतला. देवाजवळच्या समईवर वाटी धरली, काजळी धरली, तेल घातलं आणि अंगठ्यानं तो पट्टा परत भरला. तुझ्यासारखा साफ नाही जमला. कडेला जरा बाहेर गेला. तेवढ्यात नाक्यावर ट्रकचा भोंगा वाजला. एक लांब आणि दोन आखूड. तुझ्यासाठी वाजवायचा तोच.

इस्माईल बरेच दिवस मद्रासकडंच अडकला होता, त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी काखेत घेऊन तो ओट्यावर चढला आणि नेहमीसारखा आत ओरडला, "आक्का! लाया देखो! एक अक्षरवाला, पुराना!"

मी बाहेर आलो. माझ्याकडं बघून त्याला काही कळलं नाही. कसं कळणार? मला सांगावं लागलं. तो ओट्यावर बसला. पाटी मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाला, "अब ये किसकू दिखाऊं, चच्चा?"

मी हात पुढं केला. आत जाऊन पाटी फोटोशेजारी धरली. एकेक आकडा बघितला. मग दारात येऊन, तू म्हणायचीस तेवढ्याच जोरात म्हणालो, "न्हाय. ही न्हाय."

त्याच्या डोळ्याला पाणी आलं आणि तो हसला. मी त्याला भाकरी वाढली. सूनबाईनं केलेली, तुझ्यासारखी कडक नव्हती. चटणी तुझीच होती, बरणीत तळाला उरलेली. त्यानं ती बोटानं पुसून खाल्ली. तो जेवत असताना मी खिळा ठोकून नवी पाटी वरच्या रांगेत लावली आणि काजळी भरलेली ती खाली तिच्या जागेवर परत टांगली.

इस्माईल भिंतीकडं बघत बसला होता. म्हणाला, "चच्चा, बुरा नक्को मानो. वो नीचे का, दो छेदवाला... वो आक्का के बाप का था क्या?"

मी भिंतीकडं पाठ केली.

"न्हाय रे," मी म्हटलं. "ती बी न्हाय."

तो माझ्या काळ्या अंगठ्याकडं बघत राहिला. मी तो पुसला नाही.